मगनवाडीतील ख्रिस्ती हिशेबनीस

ई. एफ. शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्युटिफुल' हे १९७३ चे पुस्तक आपल्याकडे पर्यावरणाचा विचार करणाऱ्या दोन पिढ्यांनी वाचले. त्यातले 'बौद्ध अर्थशास्त्र' हे प्रकरण विशेष गाजले. मीही ते विद्यार्थीदशेत वाचले होते. बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचताना एका गोष्टीकडे लक्ष गेले. काम म्हणजे काय आणि माणसाला त्याची गरज का असते, हे सांगायची वेळ येते तेव्हा शूमाखर जे. सी. कुमारप्पांचा आधार घेतात. भारतीय तत्त्वज्ञ व अर्थशास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख करून देऊन ते पुढे जातात. या नावातला 'जे' म्हणजे जोसेफ, आणि या गृहस्थांचे मूळ आडनाव कॉर्नेलियस, हे त्या प्रकरणाच्या वाचकाला कळायला काही मार्ग नाही. बौद्ध अर्थशास्त्राला एका ख्रिस्ती माणसाने साक्ष दिली होती आणि तिची नोंद कोणी घेतली नव्हती.

याच काळात दुसरा एक निबंध जगभर वाचला जात होता. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली 'सायन्स' या साप्ताहिकात पर्यावरणाच्या संकटाची ऐतिहासिक मुळे शोधणारा लेख लिहिला. निसर्ग माणसाच्या उपयोगासाठीच आहे आणि माणूस त्याचा स्वामी आहे, ही धारणा पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने रुजवली, म्हणून या संकटाचा मोठा दोष त्या धर्माकडे जातो, असे त्यांचे म्हणणे होते. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगतो, त्याकडे त्यांचे बोट होते. व्हाइट स्वतः श्रद्धावान होते. लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसचा पर्याय पुढे ठेवला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो आरोप.

हे दोन्ही लेख छापले जाण्याच्या वीसेक वर्षे आधी, दुसरे महायुद्ध चालू असताना, जबलपूरच्या तुरुंगात एका ख्रिस्ती कैद्याने दोन पुस्तके लिहिली. एक 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे स्थायी किंवा टिकाऊ अर्थव्यवस्था. दुसरे 'प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस', म्हणजे येशूचे आचरण आणि उपदेश. दोन्ही १९४५ मध्ये आली, दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. पहिले पुस्तक गांधीवादी अर्थशास्त्राच्या याद्यांत सापडते. दुसरे बहुधा कोणत्याच यादीत नसते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर काय दिसते, हे मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

कॉर्नेलियस ते कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळ मुलखातल्या एका सुशिक्षित प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरातली मुले शिकली आणि मोठी झाली. एक भाऊ जे. एम. कुमारप्पा पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झाले. दुसरे भाऊ भारतन यांनी रामानुजांच्या तत्त्वज्ञानावर संशोधन केले आणि पुढे तेही वर्ध्याला ग्रामोद्योगाच्या कामात आले.

जोसेफ लंडनला जाऊन हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत व्यवसाय करू लागले. सूटबूट, इंग्रजी रीतीभाती, उत्तम मिळकत असे त्यांचे आयुष्य होते. १९२७ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकू लागले. प्रबंधाचा विषय होता सरकारी वित्तव्यवहार आणि भारताचे दारिद्र्य. कर कोणाकडून येतो आणि खर्च कोणावर होतो, एवढे दोन रकाने त्यांनी समोरासमोर मांडले. ब्रिटिश राज्याबद्दल घरात जपलेला आदर त्या दोन रकान्यांत संपला. १९२९ साली कुटुंबाने कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव परत घेतले. धर्म मात्र सोडला नाही. या लेखाच्या दृष्टीने हीच महत्त्वाची बाब आहे.

प्रबंध छापण्याच्या खटपटीतून ते ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गांधीजींना भेटले. ही भेट त्यांनीच सांगून ठेवली आहे. दिलेल्या वेळेआधी पोचल्यामुळे ते आश्रमात फिरत होते. एका झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून एक म्हातारा सूत काढत होता. तेच गांधी आहेत हे कळल्यावर रेशमी सूट घातलेले कुमारप्पा तसेच जमिनीवर बसले. गांधीजींनी प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापायचे कबूल केले आणि गुजरातेतल्या खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यापुढे ठेवले. गुजरात विद्यापीठाचे कुलनायक तेव्हा काका कालेलकर होते. गुजराती न येणारा हा साहेब खेड्यांची पाहणी कशी करणार, अशी शंका त्यांना आली होती, असे सांगतात. पाहणी झाली. खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या घरात वर्षभरात किती येते आणि किती जाते, याचा गावोगावचा हिशेब त्यात आहे.

बिशपला लिहिलेले पत्र

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गांधीजी तुरुंगात गेल्यावर 'यंग इंडिया' चालवण्याची जबाबदारी काही काळ कुमारप्पांवर आली. त्या दिवसांत कलकत्त्याचे बिशप आणि भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंगाच्या चळवळीविरुद्ध मत दिले. कुमारप्पांनी त्यांना उघड पत्र लिहिले आणि सर्व ख्रिस्ती कार्यकर्त्यांना व मिशनऱ्यांना आवाहन केले. पत्राचा सारांश असा: शत्रूवर प्रेम करा असे सांगणाऱ्या गुरूचे नाव आपण घेतो. निःशस्त्र माणसे लाठ्या खात असताना आपण लाठी उगारणाऱ्याच्या बाजूने उभे राहतो. मग आपला गुरू नेमका कोण? बिशपांनी उत्तर दिले, पत्रव्यवहार झाला, आणि दोघे आपापल्या जागी राहिले.

या पत्राचा टिकाऊ जीवनशैलीशी काय संबंध, असे कोणी विचारेल. माझ्या मते संबंध थेट आहे. कुमारप्पांचा चर्चशी वाद धर्मतत्त्वांवरून नव्हता, तो राहणीवरून होता. पाश्चात्त्य राष्ट्रे आपल्याला ख्रिस्ती म्हणवतात, त्यांच्या मिशनसंस्था आपल्याकडे शाळा आणि दवाखाने काढतात. पण त्यांची संपत्ती दुसऱ्यांच्या जमिनी, खाणी आणि बाजारपेठा ताब्यात ठेवून उभी राहिली आहे. त्या पैशातला काही भाग दानात दिल्याने हिशेब जुळत नाही, असे हा हिशेबतपासनीस सांगत होता. लिन व्हाइटचा आरोप पुढे ज्या दिशेने गेला त्याच दिशेचा हा आरोप आहे. पण तो घरातल्या माणसाने केलेला आहे, आणि येशूच्याच शब्दांवर हात ठेवून केलेला आहे.

मगनवाडी

ऑक्टोबर १९३४ च्या मुंबई काँग्रेसमध्ये ग्रामोद्योगांच्या कामाचा ठराव झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव पडले. संघाचे चिटणीस कुमारप्पा झाले. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः तेथे राहायला आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाईपर्यंत तेथेच राहिले. त्या काळात महादेवभाई, मीराबेन आदी मंडळी रोज सकाळी शेजारच्या सिंदी गावात जाऊन रस्त्यावरची घाण उचलत. मैल्याचे खत करणे हा मगनवाडीच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा होता.

मगनवाडीत जे चाले ते आज वाचताना एखाद्या आधुनिक पर्यावरणकेंद्राचा आराखडा वाचल्यासारखे वाटते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गुऱ्हाळाचा आणि ताडाचा गूळ, मधमाश्यापालन, हातकागद, साबण, कुंभारकाम. झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केल्या, बैलाचे श्रम कमी झाले आणि तेल अधिक निघू लागले. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे काम सुरू केले. गोपाळराव ब्राह्मण घरातले होते, हे त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. ते आजही आहे. मी तिथे गेलो तेव्हा चरखे आणि घाण्या पाहत असताना मला सारखा त्या जागेचा हिशेब आठवत होता.

कारण कुमारप्पांची ख्याती तीच होती. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. कार्यकर्त्याच्या रोजच्या जेवणाला तीन आणे ही मर्यादा त्यांनी घातली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला येणार म्हटल्यावर त्यांच्या फळांचा आणि दुधाचा खर्च या निधीतून होणार नाही, असे त्यांनी महादेवभाईंना बजावले, अशी आठवण सांगितली जाते. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे आणि महात्म्यालाही त्याला हात लावता येणार नाही. याला तापटपणा म्हणता येईल, आणि कुमारप्पा तापट होतेही. परंतु कारभाऱ्याकडे सोपवलेल्या मालमत्तेचा जाब धनी एक दिवस विचारणार आहे, हे येशूने अनेक दाखल्यांतून सांगितले आहे. त्या दाखल्यांवर वाढलेल्या माणसाला हिशेबाची वही ही नुसती व्यवसायाची वस्तू वाटली नसावी.

मगनवाडीतली एक वस्तू मला सर्वांत बोलकी वाटते. ती म्हणजे मगनदीप, वनस्पतीच्या तेलावर जळणारा कंदील. खेड्यापाड्यांत तेव्हा रॉकेलच्या चिमण्या पोचल्या होत्या. रॉकेल स्वस्त होते, उजेडही बरा होता. मग गोडेतेलावर चालणाऱ्या दिव्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर जबलपूरच्या तुरुंगातल्या पुस्तकात आहे.

साठा आणि प्रवाह

युद्धकाळात सरकार भारतातला माल युद्धासाठी उचलत होते आणि त्याच्या बदल्यात कागदी चलन व लंडनमधल्या खात्यावरचे आकडे देत होते. महागाई वाढत होती. कुमारप्पांनी यावर 'स्टोन फॉर ब्रेड' हा लेख लिहिला आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. भाकरीऐवजी दगड हे शीर्षक त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातून घेतले होते. मुलाने भाकरी मागितली तर कोणता बाप त्याच्या हातावर दगड ठेवील, असे येशू तेथे विचारतो. चलनवाढीवरच्या लेखाला असे नाव देणारा दुसरा अर्थशास्त्रज्ञ माझ्या वाचनात नाही. छोडो भारतच्या काळातला त्यांचा तुरुंगवास जबलपूरला झाला.

'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'मधली एक विभागणी आज नव्याने वाचण्यासारखी आहे. निसर्गातली संपत्ती दोन प्रकारची आहे, असे कुमारप्पा म्हणतात. कोळसा, खनिज तेल, धातू ही साठ्याची संपत्ती. ती वापरली की तेवढी कमी होते. पीक, जंगल, जनावरांचे बळ, वाहते पाणी ही प्रवाहाची संपत्ती. नीट राखली तर ती दर साल येत राहते. साठ्यावर उभारलेली अर्थव्यवस्था भांडणाकडे जाते, कारण साठा मर्यादित असतो आणि तो ज्याच्या ताब्यात त्याची सत्ता. आरमारे आणि युद्धे त्यातूनच येतात. प्रवाहावरची अर्थव्यवस्था शांततेला जवळची. रॉकेल साठ्याचे, गोडेतेल त्या वर्षीच्या पिकाचे. रॉकेलची किंमत दुकानात कमी दिसते, पण त्या तेलासाठी राखलेल्या फौजांचा खर्च दुकानदाराच्या पावतीवर येत नाही. स्वस्त वस्तू विकत घेणारा माणूस त्या वस्तूमागच्या शोषणाचाही वाटेकरी होतो, हे कुमारप्पा पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांच्या मते खरेदी ही नैतिक कृती आहे.

याच पुस्तकात त्यांनी जगण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो, ती परोपजीवी पायरी. वानर दुसऱ्याने लावलेल्या आमराईतली फळे खाते, ती लुटीची. पक्षी स्वतः घरटे बांधतो, ती उद्यमाची. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी मध जमवते, ती समूहाची. आणि पिलाला भरवणारी आई मोबदला मागत नाही, ती सेवेची. टिकाऊपणा वरच्या पायरीवर वाढत जातो. निसर्गात प्रत्येक जीव आपले काम करता करता दुसऱ्याचे काम करून जातो. मधमाशी मध गोळा करताना फुलांचे फलन करते, गांडूळ खाता खाता माती भुसभुशीत करते. ही साखळी जिथे तुटते तिथे हिंसा सुरू होते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की यात ख्रिस्ती असे काय आहे? गांधी आहेत, थोडे निसर्गशास्त्र आहे. येथेच दुसरे पुस्तक उपयोगी पडते. येशूवरच्या पुस्तकात कुमारप्पा चर्चचे विधी, पंथ, मतांगीकार यांना बाजूला सारतात आणि येशूने काय केले व काय करायला सांगितले तेवढेच घेतात. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत माणूस फक्त आजच्या भाकरीपुरते मागतो. अरण्यातल्या परीक्षेत तो दगडाची भाकर करण्याचे आणि जगातल्या राज्यांच्या वैभवाचे आमिष नाकारतो. देव सर्वांचा बाप असेल तर शेजारी भाऊ ठरतो, आणि भावाच्या तोंडचा घास काढून मिळवलेली स्वस्ताई निषिद्ध ठरते. साठ्यावरचा अविश्वास आणि प्रवाहावरचा विश्वास यांचे धार्मिक रूप आजच्या भाकरीच्या मागणीत आहे, असे मला वाटते. बायबलच्या जुन्या भागातही हे आढळते. 'निर्गम'मध्ये इस्राएली लोकांना रानात रोज मान्ना मिळतो, पण उद्यासाठी ठेवलेल्या मान्नाला किडे पडतात. 'लेवीय'मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितली आहे, कारण जमीन देवाची आहे आणि माणूस तिच्यावरचा पाहुणा. लिन व्हाइटने 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवले, पण दुसऱ्याच अध्यायात माणसाला बाग कसायला आणि राखायला ठेवले आहे.

गांधींकडून कुमारप्पांनी किती घेतले आणि स्वतःच्या परंपरेतून किती, याची नेमकी वाटणी करता येणार नाही. ती करूही नये. गांधींच्या अर्थविचारालाच जॉन रस्किनच्या 'अन्टु धिस लास्ट' या पुस्तकाने दिशा दिली होती, आणि त्या पुस्तकाचे नाव येशूच्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावरून आले आहे. उशिरा आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देणाऱ्या मालकाचा तो दाखला. म्हणजे एका तमिळ ख्रिस्ती माणसाला साबरमतीच्या झाडाखाली जे मिळाले, त्याचा काही भाग त्याच्या घरच्या बायबलातून निघून, इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका फिरून तेथे पोचला होता.

कुमारप्पा या वाटेवर अगदी एकटे नव्हते, हेही नोंदवायला हवे. तमिळनाडूत तिरुपत्तूरला १९२१ मध्ये ख्रिस्तकुल आश्रम निघाला. जॅक विन्स्लो यांनी १९२० च्या दशकात ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच संघात. साताऱ्यात रेव्हरंड टिळकांनी अखेरच्या काळात 'देवाचा दरबार' मांडला होता. बंगले, खुर्च्या आणि परदेशी निधी यांच्यापासून ख्रिस्ताला सोडवावे, अशी ओढ या सगळ्यांत होती. कुमारप्पांनी त्या ओढीला अर्थशास्त्र दिले.

न सुटलेला प्रश्न

ही कहाणी येथे थांबवली तर ती सोयीची होईल, पण पुरी होणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. खेडे त्यांना अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे घर वाटत होते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासाला हा प्रश्न अधिक जवळून लागतो. नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा वाटा गावकुसाबाहेरच्या, भूमिहीन घरांचा होता. त्यांच्या आजोबांनी जे साधेपण भोगले ते व्रत म्हणून घेतलेले नव्हते, ते लादलेले होते. मेलेले ढोर ओढणे, कातडे कमावणे हे त्यांना ग्रामोद्योग वाटले नाही. त्यातून सुटण्यासाठीच अनेकांनी धर्म बदलला. मिशनच्या शाळेत शिकून शहरात नोकरी मिळवलेल्या माणसाला पुन्हा खेड्यात जाऊन कमी गरजांत राहा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

कुमारप्पांकडे याचे पुरते उत्तर होते असे मला वाटत नाही. जातीची धग त्यांना आर्थिक शोषणाइतकी जाणवली, असे त्यांच्या लिखाणातून दिसत नाही. पण दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगायला हव्यात. एक, राहणीमान 'उच्च' आणि 'नीच' असे मोजण्याला त्यांचा विरोध होता. ते 'गुंतागुंतीचे' आणि 'साधे' असे शब्द वापरत. साधी राहणी म्हणजे उपासमार नव्हे. पोषक आहार, पुरेसे कपडे, स्वच्छ घर आणि माणसाची बुद्धी वापरली जाईल असे काम, एवढे त्यात त्यांना हवेच होते. कामातले कष्ट एकाकडे आणि आनंद दुसऱ्याकडे, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक ठोस आहे. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्ष कुमारप्पा होते. १९४९ च्या अहवालात मध्यस्थ संपवावेत, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळावा, जमीनधारणेला कमाल मर्यादा असावी, अशा शिफारशी होत्या. साधेपणाचा उपदेश गरिबाला करण्याआधी श्रीमंताच्या जमिनीला मर्यादा घाला, असा त्या कागदांचा अर्थ होतो. त्यातल्या फार थोड्या शिफारशी कोणी मनापासून अमलात आणल्या. नियोजनाची गाडी पोलाद, धरणे आणि कारखाने यांच्या रुळावर गेली. कुमारप्पा त्याआधीच, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, राष्ट्रीय नियोजन समितीतून बाहेर पडले होते.

वर्ध्याजवळ सेलडोहला त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. ठरावीक लोकवस्तीला संतुलित आहार मिळेल अशा रीतीने कोणत्या पिकाला किती जमीन द्यायची, हा हिशेब प्रत्यक्ष मातीत करून पाहायचा होता. रक्तदाबाने त्यांना फार काळ काम करू दिले नाही. ते मदुराईकडे कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतन आश्रमात एका झोपडीत राहायला गेले. तिथल्या भिंतीवर एका गरीब शेतकऱ्याचे चित्र होते, आणि आलेल्याला ते हे माझ्या मालकाचे चित्र म्हणून दाखवत, अशी आठवण सांगतात. गांधी त्यांचे गुरू, आणि हा शेतकरी गुरूचाही धनी. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. गांधीजी गेले तीच तारीख.

नंतरचे धागे

त्यानंतर महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसांनी जमीन आणि पाणी यांसाठी मोठी कामे केली. वसईच्या हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली करण्याच्या निर्णयाविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, विहिरी, पाणी मुरवणारी बावखले राखणे त्यांना धर्मकार्य वाटत होते, आणि त्या लढ्यात सर्व धर्मांचे वसईकर होते. नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी पाणलोट क्षेत्र विकासाला आयुष्य दिले. डोंगरावरून वाहून जाणारे पाणी गावकऱ्यांनी श्रमदानाने अडवायचे, चराई आणि झाडतोड स्वतःहून बंद करायची, हे त्या कामाचे सूत्र. या दोघांना कुमारप्पांचे अनुयायी म्हणणे चूक होईल. ते आपल्या वाटेने तिथे पोचले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हा त्याचा गाभा. जबलपूरचा कैदी हेच सांगत होता, फक्त त्याला ऐकणारे चर्च तेव्हा नव्हते.

कुमारप्पा दोन्ही घरांत अर्धे अर्धे का आठवले जातात, याचे कारण मला आता थोडे उमगते. गांधीवाद्यांना त्यांचे ख्रिस्ती असणे ही खासगी बाब वाटली. चर्चला त्यांचे गांधीवादी असणे अडचणीचे वाटले. शूमाखरने त्यांना बौद्ध प्रकरणात बसवले, आणि १९७१ मध्ये स्वतः कॅथलिक झाल्यावरही ती जागा बदलली नाही. खुद्द कुमारप्पांना मात्र अशी वाटणी करायची गरज पडली नसावी. त्यांची जमाखर्चाची वही एकच होती, आणि तिच्यात एका बाजूला प्रार्थना व दुसऱ्या बाजूला घाणीचे तेल एकाच शाईने लिहिलेले होते.

त्या वहीतला एक प्रश्न आजही उत्तर मागतो. आपण ज्या स्वस्ताईत राहतो तिची उरलेली किंमत कोण भरतो? कुमारप्पांनी तो आधी आपल्या बिशपला विचारला, मग सरकारला, मग आपल्याच पक्षाला. विचारण्याआधी त्यांनी स्वतःचा सूट उतरवून ठेवला होता. दिवाळीत दारात पणती लावताना तिच्यात या वर्षीच्या शेतातले तेल घालायचे, एवढी साधी गोष्ट आपल्या आज्यांना कोणी शिकवावी लागली नाही. मगनदीप करणाऱ्यांना ती पुन्हा शिकवावी लागली. तेव्हाही ती जुनाट म्हणून हसण्यावारी नेली गेली होती.